शांततेचा तास वेगळा, परराष्ट्र धोरणाचा धडा वेगळा

घरात नववीचं मूल असेल तर त्याच्याकडून बालभारतीचं 'इतिहास व राज्यशास्त्र' जरा मागून घ्या. २०१७ साली आलेल्या या पुस्तकात राज्यशास्त्राचा दुसरा धडा आहे 'भारताच्या परराष्ट्र धोरणाची वाटचाल', तिसरा 'भारताची सुरक्षा व्यवस्था' आणि चौथा 'संयुक्त राष्ट्रे'. म्हणजे आधी राष्ट्रीय हितसंबंध आणि अणुधोरण, मग भूदल-नौदल-हवाई दल, आणि मग जागतिक शांतता. तिन्ही धडे एकाच शिक्षकाने, एकाच वर्गाला शिकवायचे. पण या शांततेचा आधीच्या दोन धड्यांतल्या देशाशी संबंध काय, हा प्रश्न विचारायला शाळेच्या वेळापत्रकात जागा नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय शांतता शिक्षण आणि क्षेत्र बीड जिल्हा. 'बीडमध्ये शांतता? बरा विषय निवडलास!' ही थट्टा आता अंगवळणी पडली आहे. आजच्या लेखात मात्र प्रश्न थट्टेचा नाही. ज्या देशाच्या संविधानात आंतरराष्ट्रीय शांतता हे उद्दिष्ट लिहिलेलं आहे आणि ज्याच्याकडे अणुबॉम्बही आहे, अशा देशातल्या शाळेत शांतता शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं? संशोधक याचं काय उत्तर देतात, आणि ते उत्तर बीडमध्ये आणलं की कुठे अपुरं पडतं, ते आज पाहू.

आपल्याकडे काय शिकवतात?

आधी जे चांगलं आहे ते मान्य करू. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने एनसीईआरटीने वाल्सन थम्पू यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला होता. या गटाचं 'शांततेसाठी शिक्षण' हे आधारपत्र २००६ साली आलं. त्यातली मुख्य सूचना अशी की शांतता हा आणखी एक वेगळा विषय करून मुलांच्या दप्तरात घालू नका, ती सगळ्या विषयांतून झिरपू द्या. महाराष्ट्रात त्याआधीपासून मूल्यशिक्षण होतंच. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती वगैरे दहा मूल्यं अनेकांनी परिपाठाच्या वेळी पाठ केली असतील.

आणि बीडचं स्वतःचं एक योगदान आहे, ते बीडमध्येही फारसं कुणाला ठाऊक नसतं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला तो याच जिल्ह्यातल्या ५०० ग्रामीण प्राथमिक शाळांत, आणि नंतर तो राज्यभर गेला. त्याचा पाया संविधानातली मूल्यं: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. भाषण ठोकून मूल्यं शिकवण्याऐवजी जोडीत, गटात बसून मुलांनी ती वापरून पाहायची, ही त्याची पद्धत. पाठांतरापेक्षा हे कितीतरी बरं.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो या कुठल्या एका कार्यक्रमावर नाही, त्या सगळ्यांमागच्या समजुतीवर आहे. या सगळ्यांत शांतता म्हणजे दोन माणसांमधलं चांगलं वागणं. डबा वाटून खा, भांडण झालं तर बोलून मिटवा, दुसऱ्याचा धर्म मान्य करा. पहिलीच्या मुलाला हे पुरेसं आहे. नववीच्या मुलाला नाही, कारण त्याला आता 'राज्य' नावाची गोष्ट दिसायला लागलेली असते. राज्य करार करतं, सैन्य पाठवतं, पाणी अडवतं, आयातकर लावतं आणि काढतं. त्या राज्याबद्दल आपला शांततेचा तास अवाक्षर काढत नाही.

परिणाम काय होतो ते एकाच संस्थेची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं. २००६ चं शांततेचं आधारपत्र एनसीईआरटीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरवर मुलांसाठी दोन पूरक वाचनपुस्तिका काढल्या, एक तिसरी ते आठवीसाठी आणि एक नववी ते बारावीसाठी, त्याही एनसीईआरटीनेच. त्यांची शीर्षकंच शौर्य आणि सन्मान यांची आहेत. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी काय घडलं आणि त्यानंतर देशाने काय केलं, हे मुलांना सांगायलाच हवं. महाराष्ट्रातलेही सहाजण तिथे मारले गेले. अडचण इतकीच की या दोन दस्तऐवजांचं एकमेकांशी बोलणं कुणी करून द्यायचं, हे शिक्षकाला कुणीही सांगितलेलं नाही.

संशोधक काय म्हणतात?

नियमित वाचकांना योहान गाल्टुंग आठवत असतील. या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९६९ च्या एका निबंधात मांडलं की गोळीबार थांबला ही झाली नकारात्मक शांतता. ज्या रचनेमुळे माणसं मुकाट्याने मरतात, खुरटतात, ती रचना बदलली तर ती सकारात्मक शांतता. दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या मुलांची रिकामी बाकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'संरचनात्मक हिंसा' हा जड शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या आजच्या प्रश्नाला मात्र दोन इस्रायली संशोधक जास्त जवळचे आहेत. पहिले गॅव्रिएल सालोमन. त्यांचं म्हणणं, शांतता शिक्षण हे सगळीकडे एकसारखं असूच शकत नाही. जिथे दोन समाजांत वर्षानुवर्षं न सुटणारा रक्तरंजित संघर्ष आहे, जिथे गटागटांत तणाव आहे पण युद्ध नाही, आणि जिथे तसं सगळं निवांत आहे, या तीन ठिकाणी शिक्षकाचं काम तीन प्रकारचं असतं. निवांत देशातला धडा उचलून पेटलेल्या देशात लावला तर तो पोपटपंची ठरतो. सालोमन यांनी आणखी एक कडू गोष्ट सांगितली: कार्यशाळेत बदललेली मतं टिकत नाहीत. बाहेर एखादी मोठी घटना घडली की ती पुसट होतात.

दुसरे दानिएल बार-ताल. यिगाल रोझेन यांच्याबरोबरच्या २००९ च्या लेखात ते दोन मार्ग सांगतात. एक थेट मार्ग: संघर्षाचा इतिहास, 'शत्रू'ची प्रतिमा, आपलं चुकलेलं आणि त्यांचं चुकलेलं, सगळं वर्गात काढायचं. त्यासाठी बाहेरचं राजकीय वातावरण अनुकूल लागतं. ते नसेल तर दुसरा, आडवाटेचा मार्ग: संघर्षाचं नावही न घेता चिकित्सक विचार, सहिष्णुता, दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, मानवी हक्क, भांडण सोडवण्याची कौशल्यं शिकवायची. म्हणजे पुढे कधी वातावरण निवळलं तर जमीन तयार असेल.

आता आपल्याकडे बघा. मूल्यशिक्षण काय किंवा मूल्यवर्धन काय, बार-ताल यांच्या भाषेत हा आडवाटेचाच मार्ग. आपण तो तसा ठरवून निवडलेला नाही, एवढंच. पण आपल्याकडे तो पुढच्या मुक्कामाला जातच नाही, आणि याला कारण आहे. 'वातावरण अनुकूल होईपर्यंत थांबा' हा सल्ला भारत-पाकिस्तानच्या बाबतीत लागू करून पाहा. २० फेब्रुवारी १९९९ ला पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कारगिल झालं. एका परीक्षेपासून दुसऱ्या परीक्षेपर्यंत वातावरण अनुकूलचं प्रतिकूल झालं. शिक्षकाने थांबायचं कशासाठी, आणि कुणाच्या इशाऱ्यासाठी?

आणि सालोमन यांच्या तीन प्रकारांत बीड कुठे बसवायचं? सीमा इथून हजारभर किलोमीटर लांब. शत्रू दिसतो तो मोबाइलवर. पण त्याच वेळी जिल्ह्याच्या आत तणाव आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ची जाळपोळ, डिसेंबर २०२४ मधली मस्साजोगच्या सरपंचांची हत्या आणि त्यानंतर जातींमध्ये पडलेली दरी. ती इतकी खोल की २०२५ मध्ये इथल्या पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली. म्हणजे बीडचा शिक्षक एकाच वेळी दोन प्रकारांत उभा आहे. माझा अंदाज असा की लांबच्या शत्रूबद्दल 'आपण आणि ते' असं बोलायची जी सवय लागते, तीच जवळच्या माणसाबद्दल बोलताना तोंडात येते. हे अजून सिद्ध करायचं आहे, म्हणून अंदाज म्हणूनच सांगतो.

'देशाविरुद्ध बोलायला शिकवायचं का?'

हा प्रश्न येणार, आणि तो फालतू नाही. उत्तर संविधानात आहे. कलम ५१ सांगतं की राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता वाढवावी, राष्ट्रांमध्ये न्याय्य आणि सन्मानाचे संबंध राखावेत, आंतरराष्ट्रीय कायदा व करारांविषयी आदर वाढवावा आणि तंटे लवादाने मिटवायला उत्तेजन द्यावं. नववीच्या पुस्तकात कलम ५१ आहे. पण परीक्षेत ते रिकाम्या जागा भरण्यापुरतं उरतं. वास्तविक ही एक मोजपट्टी आहे. देशाचं कुठलंही पाऊल, कुठल्याही पक्षाच्या सरकारचं, या पट्टीवर ठेवून बघायचा अधिकार नागरिकाला देशाच्या संविधानानेच दिला आहे.

आणि हे कसं करायचं याचा नमुना हवा असेल तर ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात मराठवाड्यातली पोरं शिकतात त्यांच्याकडे बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरण हेही एक होतं. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हा भार आपल्या परराष्ट्र धोरणामुळे पडतो, कारण अडचणीत मदतीला येईल असा मित्र आपल्याला नाही, अशी त्यांची मांडणी होती. २९ एप्रिल १९५४ ला चीनबरोबर पंचशीलाचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी राज्यसभेत पंचशीलावर शंका घेतली. चीनचे राज्यकर्ते ती तत्त्वं खरोखर मानतात का, हा त्यांचा सवाल होता. पुढे १९६२ साली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गंमत बघा. बुद्धाच्या वाटेने जाणारा हा माणूस 'पंचशील' या बौद्ध शब्दालाही भुलला नाही. शांतता हवी, पण ती कुणाच्या शब्दावर, कुणाच्या पैशाने आणि कुठल्या हिशोबाने, हे त्यांनी विचारलं. याला कुणी देशद्रोह म्हणेल का? शांतता शिक्षणाने मुलांना याच जातीचे प्रश्न विचारायला शिकवावं, एवढीच माझी मागणी आहे.

तिसरा मार्ग: निकाली निघालेला, पण घरचा तंटा

थेट मार्गात शिक्षकाची मान अडकते, आडवाटेचा मार्ग कुठे पोहोचत नाही. मग काय करायचं? माझा प्रस्ताव असा: आधी असा तंटा घ्या जो आता निकाली निघाला आहे, ज्याचे कागद उघडे आहेत आणि जो आपल्या घरातला आहे. बीडला तो शोधायला लांब जायला नको. तो दर १७ सप्टेंबरला शाळेच्या मैदानात झेंड्याखाली उभा असतो.

१९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाने आणि भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा 'जैसे थे करार' केला. संस्थानाच्या आत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. हे स्वामीजी स्वतः शिक्षक, आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकवलेलं. दुसरीकडे रझाकारांचे गावांवर हल्ले चालू होते. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेलं. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं, १६ ला सुरक्षा परिषदेत चर्चा झाली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली.

इथे वर्गात तीन प्रश्न ठेवता येतात.

पहिला, नाव. या घटनेला सैन्याने 'ऑपरेशन पोलो' म्हटलं, सरकारने 'पोलीस कारवाई', आणि आपण म्हणतो 'मुक्तिसंग्राम'. रणगाडे घेऊन गेलेल्या सैन्याला पोलीस का म्हणायचं? कारण 'युद्ध' म्हटलं असतं तर हैदराबाद हा वेगळा देश ठरला असता आणि सुरक्षा परिषदेला हात घालायला जागा मिळाली असती. 'पोलीस' म्हटलं की तो घरातला मामला. एका शब्दात अख्खं परराष्ट्र धोरण बसलेलं आहे, आणि नववीच्या मुलाला ते सहज कळतं.

दुसरा, करार. जैसे थे करारात कुणी काय कबूल केलं होतं? तो कुणी मोडला असं कोण म्हणत होतं? बळ वापरण्याआधी कुठले दरवाजे ठोठावून झाले होते? कलम ५१ ची पट्टी इथे लावून बघा. संविधान तेव्हा तयार होतच होतं.

तिसरा, किंमत. ही सगळ्यात अवघड जागा. कारवाईच्या आधी रझाकारांनी माणसं मारली, गावं लुटली. हे आपल्याला माहीत असतं, घरोघरी सांगितलं जातं. कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर कत्तली झाल्या, हे फारसं सांगितलं जात नाही. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. शेजारच्या उस्मानाबाद, नांदेडसह आणखी चार जिल्ह्यांचा आकडा याहून कितीतरी मोठा. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवल्याच्याही नोंदी त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं जाहीर झाला नव्हता.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मुक्तिसंग्राम चुकीचा होता का? नाही. मराठवाडा मुक्त होणं न्याय्यच होतं. न्याय्य कृतीलाही किंमत असते आणि ती अनेकदा ज्याने गुन्हा केला नाही त्याने मोजलेली असते, ही दोन वाक्यं एका डोक्यात एकत्र धरता येणं, हेच तर शिकवायचं आहे. बीडच्या वर्गात दोन्ही बाजूंच्या आजोबांची पणतवंडं एका बाकावर बसतात. म्हणून हे जपून शिकवावं लागेल, आधी रझाकारांचं आणि मग नंतरचं, आकडे फेकून न मारता. पण टाळलं तर ती मुलं हेच मोबाइलवर अर्धवट आणि विखारी स्वरूपात ऐकणार आहेत.

तिथून आजपर्यंत

नाव, करार, किंमत. या तीन प्रश्नांचा सराव घरच्या, जुन्या प्रकरणावर झाला की मग ते आजच्या बातमीला लावता येतात, आणि शिक्षकाला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

नाव: 'ऑपरेशन सिंदूर' हे नाव कुणाच्या दुःखाची आठवण करून देतं? कारवाईला नाव देण्याने काय साधतं?

करार: १९६० चा सिंधू जल करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला. हा विषय बीडच्या मुलाला दिल्लीच्या मुलापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं. जायकवाडीचं पाणी माजलगावपर्यंत येतं, आणि नाशिक-नगरची धरणं आपल्या वर आहेत. वरच्याने पाणी सोडलं नाही तर खालच्याचं काय होतं, यासाठी इथे पुस्तक उघडावं लागत नाही. म्हणून पाकिस्तानचं सगळं माफ, असा याचा अर्थ नाही. दहशतवाद आणि करार एकत्र चालू शकतात का, हा भारताचा प्रश्नही तितकाच खरा आहे. दोन्ही फळ्यावर लिहा. आणि ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खाली आपण आहोत, हेही लिहा.

किंमत: मे २०२५ मध्ये पूंछच्या गावांत तोफगोळ्यांनी सामान्य माणसं मेली. आणि किंमत दरवेळी रक्ताचीच असते असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर तात्पुरता काढला, कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वॉशिंग्टन आणि दिल्लीतलं हे भांडण गेवराईच्या कापूसवाल्याच्या दारात येऊन थांबतं. परराष्ट्र धोरण लांब असतं असं कोण म्हणतो?

या पद्धतीच्या मर्यादा आहेत. सालोमन यांचा इशारा इथेही लागू आहे: एका तासाने शिकवलेलं पुढच्या भडक्यात वाहून जाऊ शकतं. शिक्षकाला प्रशिक्षण नाही, आणि वर्गातल्या चर्चेचा कुणी व्हिडिओ काढून तोडून-मोडून फिरवला तर मागे उभं राहणारं कुणी नाही. म्हणून हा प्रयोग एकट्या शिक्षकाच्या शौर्यावर सोडू नये. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १७ सप्टेंबरसाठी असा पाठ आणि त्याची साधनं स्वतः काढावीत, म्हणजे शिक्षकाच्या हातात अधिकृत कागद असेल.

तोवर तुमच्यापैकी जे नववीला शिकवतात, त्यांनी निदान पहिला प्रश्न करून पाहावा, कारण त्यात धोका सगळ्यात कमी आहे. फळ्यावर तीन नावं लिहा: ऑपरेशन पोलो, पोलीस कारवाई, मुक्तिसंग्राम. कुठलं नाव कुणी दिलं आणि का, एवढंच विचारा. मुलांनी काय उत्तरं दिली ते मला जरूर कळवा. पुढच्या लेखात, मुलाचं किंवा शाळेचं नाव न घेता, त्यावर बोलू.